ओव्हर म्हणजे आता तुमचं

बोलताना त्यांचा उजवा अंगठा बोटावर घट्ट दाबलेला असायचा. बोलणं झालं की अंगठा उचलायचे, "ओव्हर" म्हणायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचे.

हे आमचे शेजारी. फौजेत वायरलेसवर होते. पेन्शन घेऊन जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर परतले, पण सवय सुटली नाही. नोकरी संपली तरी ती ज्यांच्या अंगातून गेली नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पहिल्यांदा मला वाटलं, बोलणं संपलं. मी उठून घरी आले. पाठोपाठ हे दारात.

"वहिनी, मी इचारलं काय आन् तुमी निघाला कुठं?"

"तुमीच संपलं म्हनला की."

"संपलं म्हंजी आऊट. ओव्हर म्हंजी माझं झालं, आता तुमचं. मी ऐकतोय."

मी चौथी शिकलेली. मला दोनच ओव्हर माहीत होते. एक पोरांच्या क्रिकेटमधला, दुसरा उसाच्या ट्रॉलीचा ओव्हरलोड. ते म्हणाले, सगळे एकाच घरचे. मूळ अर्थ वर, पलीकडं. ट्रॉलीत मापाच्या वर माल. क्रिकेटात सहा चेंडू झाले की गोलंदाजी पलीकडच्या टोकाला. वायरलेसवर बोलायची पाळी पलीकडच्या माणसाची.

"आपलं 'वर' आन् त्यांचं 'ओव्हर', लांबची भावंडं हायती वहिनी."

"कायबी सांगता."

माझ्या नातीनं मोबाइलवर शोधलं. खरं निघालं. आठवडाभर हे छाती काढून फिरत होते.

त्या वेळी टँकर गावात देवळापुढं थांबायचा. आम्ही वस्तीच्या बायका ओढा ओलांडून घागरी वाहायचो. ग्रामसभेत तोंड उघडलं की सरपंच म्हणायचे, "थांबा बाई, माझं होऊ द्या." त्यांचं कधी व्हायचंच नाही. आमचंही चुकायचं. पाचजणी एकदम ओरडायचो आणि कुणाचंच कळायचं नाही.

शेजाऱ्यांनी एक बंद पडलेली बॅटरी आणली, म्हणजे हातात धरायचा टॉर्च. जिच्या हातात बॅटरी तिनंच बोलायचं. बटण दाबून बोलायचं, सोडून ओव्हर म्हणायचं आणि बॅटरी पुढं द्यायची.

"सेटवर दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती खरखर. आन् आपलं बटण दाबलेलं आसंल तवर दुसऱ्याचं ऐकू येत न्हाई. म्हणून सोडायचं."

टँकरच्या रांगेत सराव चालला. कुणी मध्येच तोंड घातलं की हे कानावर हात ठेवून "खरखर, खरखर" करायचे. माझी जाऊ पहिल्या दिवशी बॅटरी सोडायलाच तयार नव्हती.

"आवं बाई, लढाई संपली तिकडं," हे म्हणाले. "सोडा आता."

ग्रामसभा आली. सरपंच बराच वेळ बोलले आणि पाणी प्यायला थांबले. मागच्या खुर्चीवरून यांचा आवाज आला, "सरपंच, ओव्हर म्हणा."

"म्हंजी काय?"

"आंगठा दुखला आसंल तुमचा. बटण सोडा. पलीकडनं कोण बोलतंय ते ऐका."

लोक हसले. तेवढ्यात मी बॅटरी घेऊन उठले. "टँकर वस्तीवर पायजे. कवापासनं, सांगा. ओव्हर." आणि खाली बसले.

सगळे सरपंचांकडं बघायला लागले. ते कालव्याचं सांगायला लागले. पुरतं सांगू दिलं. मग जाऊ उठली. "कालव्याचं न्हाई इचारलं. टँकर कवा? ओव्हर." सरपंच तालुक्याच्या साहेबांवर गेले. तिसरी उठली. "साहेबाचं ऱ्हाऊ द्या. टँकर कवा? ओव्हर." चौथीनंही तेच विचारलं.

पाचवीच्या हातात बॅटरी गेली, तसे सरपंच म्हणाले, "सोमवारपासनं." पाचवीनं ग्रामसेवकाकडून ते ठरावात लिहून घेतलं आणि मगच बॅटरी खाली ठेवली.

सोमवारी टँकरचा पाइप आमच्या वस्तीवरच्या पिंपात पडला. हे बाजूला उभे होते. पिंप भरून सांडायला लागलं तेव्हा म्हणाले, "आऊट." अर्थ सांगितला तो दिवस सोडला, तर त्यांच्या तोंडून मी तो शब्द तेवढा एकदाच ऐकला.

गेल्या थंडीत ते वारले. परवाच्या ग्रामसभेत त्यांची मागची खुर्ची रिकामी होती. कुणी बसलं नाही. सरपंच बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर त्या खुर्चीकडं गेली आणि ते थांबले.

"ओव्हर," म्हणाले.

मी उठले. गटारीचं बोलायचं राहिलं होतं.