शनिवारचे घोडे

घोड्यांच्या वाऱ्याला उभं राहिलं की दोन गोष्टी चिकटतात. अंगाला केस आणि जिभेला किस्से. केस दोन धुण्यांत निघतात. किस्से मात्र निघत नाहीत. घरी कोणी जेवायला आलं की आमटी वाढता वाढता एखादा बाहेर पडतो, त्याच्यामागून दुसरा, आणि मग माझा नवरा पाहुण्यांना म्हणतो, "झालं, हिचा तबेला उघडला."

आता उघडलाच आहे, तर सांगते.

मी तेव्हा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट होते. चारेक वर्षं दर शनिवारी सकाळी मी सिंगापूरच्या पार दुसऱ्या टोकाला, क्रांजीकडच्या एका तबेल्यात जायची. तिथे अपंग मुलं आणि आजारातून उठलेली मोठी माणसं घोड्यावर बसायला येत. घोडा चालताना त्याच्या पाठीला जो झोका असतो, त्यानं बसणाऱ्याच्या कमरेला आपोआप चालण्याचा व्यायाम होतो. एक जण घोडा धरून पुढे चालणार आणि दोघं दोन बाजूंनी, बसणाऱ्याच्या मांडीला हाताचा आधार देत. हे चालणारे सगळे स्वयंसेवक. त्यात आम्ही तिघं मराठी: मी, पाया लेबारला आयटी मॅनेजर असलेला पुण्याचा शिरीष, आणि क्लेमेंटीत खोली घेऊन राहणारी, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी मंजिरी. तबेला चालवायची हेलन, पन्नाशीची ऑस्ट्रेलियन बाई. आणि घोडे ज्यांच्या हातात, ते पाक रहीम. पाक म्हणजे मलायमध्ये काकाच समजा. वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायचे, आपल्या 'बरं का'सारखं.

*

आम्हाला तिथे नेलं शिरीषनं, आणि तेही चुकून. त्यानं तबेल्याची जाहिरात अर्धीच वाचली होती. त्याला वाटलं, घोडेस्वारी शिकवतात. पहिल्या शनिवारी तो गुडघ्यापर्यंतचे नवे बूट, घट्ट विजार आणि मखमली टोपी अशा थाटात आला. वाटेत एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, लोक त्याचे फोटो काढत होते म्हणे.

हेलननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बूट छान आहेत म्हणाली, आणि त्याच्या हातात फावडं दिलं.

तीन शनिवार तो लीद उचलत होता. मला वाटलं, चौथ्या शनिवारी येणार नाही. तो आला, साध्या गमबुटात. ते महागाचे बूट घरी शू-रॅकवर तसेच आहेत. त्याच्या बायकोनं त्यात छत्र्या ठेवल्यात.

*

शिरीषला लीद जमली, पण मॅनेजरपण सुटेना. त्यानं एक तक्ता तयार केला. कुठला घोडा किती उंच, बसणाऱ्याचं वजन किती, कोणाचा तोल कुठल्या बाजूला जातो, सगळं मांडून कोणी कोणावर बसायचं ते ठरवलं. रंगीत प्रिंट काढून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून तो पाक रहीमना नेऊन दिला.

पाक रहीमनी तो दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ वाचला. काम चांगलं केलंय म्हणाले, घडी घालून खिशात ठेवला, आणि रोजच्यासारखे घोड्यांना एकेक करून बाहेर आणायला लागले. बसणारी मंडळी कट्ट्यावर ओळीनं बसली होती. कॅप्टन नावाचा एक म्हातारा पांढरा घोडा होता. पूर्वी रेसमध्ये धावलेला. तो ओळीसमोरून गेला आणि एका मुलीपाशी थांबून तिच्या व्हीलचेअरला नाक लावून उभा राहिला. पाक रहीमनी तिलाच त्याच्यावर बसवलं.

शिरीषनं हळूच आठवण करून दिली, की तक्त्यात ती दुसऱ्या घोड्यावर आहे.

"तक्ता बरोबर आहे, लाह," पाक रहीम म्हणाले, "पण कॅप्टनला वाचता येत नाही."

*

मंजिरीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की तिनं जन्मात घोड्याला हात लावलेला नाही. हेलन तिला नेहमी बाजूनं चालायला ठेवायची. ती बसणाऱ्याकडे बघायची, घोड्याकडे नाही. दोन महिने असेच गेले.

एका शनिवारी मेलडी नावाची तांबडी घोडी मी धरली होती. मैदानाच्या मधोमध ती थांबली. पुढचा डावा पाय टेकेना. मी ओढतेय, ती हलत नाही. शिरीषनं पाठीवरच्या मुलीला उचलून खाली घेतलं. पाक रहीम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. मी त्यांना हाका मारत होते, तेवढ्यात मंजिरी पुढे आली. तिनं मेलडीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तसाच पायावरून खाली नेला, खुराच्या वर हलकेच दाबलं आणि जिभेनं टक्क केलं.

"दे गं बाई, पाय दे," ती मराठीत म्हणाली.

आणि मेलडीनं पाय दिला. खुरात खडा रुतला होता. मंजिरीनं खोलीच्या किल्लीनं तो काढला आणि पाय सोडून न देता, धरूनच जमिनीला टेकवला.

पाक रहीम तोवर येऊन उभे होते. त्यांनी खडा पाहिलाच नाही. ते मंजिरीच्या हाताकडे बघत होते. हा हात पुस्तकातून आलेला नाही, एवढंच म्हणाले. मंजिरी नळावर हात धुवायला गेली.

परतताना बसमध्ये तिनं मला सांगितलं. तिच्या आजोबांचा मिरज स्टेशनवर टांगा होता. ती लहानपणी त्यांच्याबरोबर घोडीचा खरारा करायची, आणि शाळेत मुली तिच्या शेजारी बसताना नाक धरायच्या. डोक्याला दोन-दोनदा साबण लावूनही. कॉलेजात गेल्यापासून ती आजोबा ट्रान्सपोर्टमध्ये होते असं सांगायची. आजोबाही आता नव्हते.

"ताई, त्या वासापासून मी इतकी लांब आले," ती म्हणाली, "आणि दर शनिवारी दोन बस बदलून त्याच वासाला जाते."

मी तिच्या केसांतली गवताची काडी काढली.

पुढच्या शनिवारी तिनं मिरजेहून मागवलेला एक फोटो फोनवर आणला. टांगा, शेजारी आजोबा, आजोबांच्या कडेवर ती. पाक रहीमनी चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला. आजोबांकडे नाही, मंजिरीकडे नाही, फक्त घोडीकडे. तिचे गुडघे पाहिले, मान पाहिली, पाठीवर कुठे घट्टे आहेत का ते पाहिलं. मग फोन परत दिला.

"नीट ठेवलेली घोडी आहे," म्हणाले.

त्या दिवशी मंजिरी काम करताना गुणगुणत होती. आम्ही तिला तसं कधी ऐकलं नव्हतं.

*

माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यात दसरा आला, आणि तो नेमका शनिवारी. सूनबाई घोड्यांकडे जाते आणि दसऱ्याला घोड्याची पूजा नाही, हे त्यांना पटेना. मी म्हटलं, आई, तिथे ऑस्ट्रेलियन बाई आहे, मुसलमान काका आहेत, कसं विचारायचं? त्या म्हणाल्या, तू नको विचारू, मी विचारते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

तबेल्यात जाऊन त्यांनी पाक रहीमसमोर ताट धरलं. हळदकुंकू, निरांजन, झेंडूचा हार. आणि कॅप्टनकडे बोट दाखवलं. पाक रहीमना सगळं समजलं. त्यांनी कॅप्टनला आंघोळ घालून, आयाळ विंचरून आणलं आणि स्वतः लगाम धरून उभे राहिले. हेलनही आली. एकच गोष्ट पाक रहीमनी खुणेनं सांगितली: इथे सुकं गवत आहे, ज्योत पेटवायची नाही. सासूबाईंनी न पेटवलेल्या निरांजनानं ओवाळलं. शिरीष फोनचा दिवा लावून शेजारी उभा. कॅप्टनच्या कपाळावर कुंकू लागलं, गळ्यात हार पडला. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा हार अर्धा उरला होता. कॅप्टननं मान वळवून उरलेलाही ओढला आणि सावकाश चावून खाल्ला. मी घाबरले, काही होणार तर नाही ना? हेलननं घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काही होत नाही, फक्त दोरा काढा. दोरा पाक रहीमनी तोंडात बोटं घालून केव्हाच काढला होता.

मला वाटलं, सासूबाईंना वाईट वाटेल. त्या ताट घेऊन बाकावर टेकल्या होत्या, आणि चेहरा असा फुललेला.

"साठ वर्षं पूजा करतेय," त्या म्हणाल्या, "पण वाहिलेलं देवानं माझ्यासमोर खाल्लं, ते आजच."

*

हेलन क्वीन्सलंडच्या गुराढोरांच्या मुलखात वाढलेली. तरुणपणी ती तिथल्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या घोड्या-बैलांच्या खेळांत, भाग घ्यायची. म्हणून नाताळच्या आधी एका शनिवारी ती आमच्या तबेल्यातही रोडिओ ठेवायची. बैल नाहीत, फास टाकणं नाही. मैदानात तीन पिंपं मांडायची आणि घोडा फेकत न्यायचा. एका पिंपाला वळसा, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि परत. वरून पाहिलं तर वाळूत बेलाचं पान उमटावं तसा रस्ता. पिंप पडता कामा नये.

त्या वर्षी बाहेरच्या क्लबांतूनही तरणे घोडे आले होते. सगळ्यांत शेवटी हेलन कॅप्टनवर बसून आली. आम्हाला वाटलं, गंमत म्हणून. कॅप्टन म्हणजे खालचा ओठ लोंबवून, एक मागचा पाय मुडपून डुलक्या काढणारा आमचा म्हातारा.

हेलननं लगाम सैल सोडला. तिनं टाच मारलीच नाही, मी बघत होते.

कॅप्टन जमिनीला लागून गेला. पहिल्या पिंपाशी त्यानं मागचे पाय पोटाखाली घेतले आणि सगळं अंग असं कललं, की हेलनच्या बुटाचं टोक वाळूला लागतंय की काय असं वाटलं. पांढरी मान वळली, आयाळ उलटी झाली, आणि तो वळसा घेऊन सरळ होऊन पुढे गेलासुद्धा. दुसरं पिंप. तिसरं. वाळूचा आवाज, नाकातला वारा. तिन्ही पिंपं जागच्या जागी उभी.

शिरीष शूटिंग करत होता. नंतर आम्ही पाहिलं, तर त्यात नुसते त्याचे गमबूट आले होते. फोन केव्हा खाली आला ते त्याला कळलंच नव्हतं.

मला मात्र रडू आलं. तीन वर्षं मी या घोड्याच्या बाजूनं चालले होते, माझ्या चालीनं. तो इतके दिवस किती आवरून चालत होता, ते त्या दिवशी दिसलं.

*

त्याच दिवशी, त्यानंतर.

लिम अंकल म्हणून एक गृहस्थ यायचे. तीस वर्षं सिंगापूरची बस चालवलेले. तिथे बसला कंडक्टर नसतो, चढणाऱ्यांना सांभाळायचं तेही ड्रायव्हरनंच. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. बोलायच्या त्यांच्या बायको, दोघांच्या वाटचं. ते नेहमी बिस्किट नावाच्या बुटक्या घोड्यावर बसायचे. त्या दिवशी बिस्किट लंगडत होता. लिम अंकलनी डाव्या हातानं आधी पिंपं दाखवली, मग स्वतःची छाती, मग कॅप्टन.

हेलननं नकार दिला. घोडा आत्ताच एवढा धावलाय, त्याचं रक्त गरम आहे, पिंपं समोर दिसताहेत, तो पुन्हा सुटला तर? अंकलच्या बायको म्हणाल्या, बरोबर आहे, पुढच्या वेळी. पण अंकल कट्ट्यावरून उठेनात. ते उजाडल्यापासून कपडे करून बसलेत, असं मग त्या हळूच मला म्हणाल्या.

पाक रहीमनी कॅप्टनला झाडाखाली नेलं. वीस मिनिटं फिरवला, पाणी दाखवलं, छातीवर तळहात ठेवून उभे राहिले. मग परत आले आणि म्हणाले, "बोले." मलायमध्ये याचा अर्थ, चालेल.

हेलननं पाक रहीमकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

पाक रहीमनी लगाम धरला. डावीकडे मी, उजवीकडे शिरीष. आम्ही दोघं घोड्याच्या मानेला इतके चिकटून चाललो होतो, की पाय तुडवला जाईल याचंही भान नव्हतं.

कॅप्टन निघाला. भरलेलं ताट घेऊन कोणी पाहुण्यांमधून जावं तसा. पहिल्या पिंपाच्या वळणावर अंकलचं अंग उजवीकडे घसरायला लागलं. शिरीषनं हात लावायच्या आत कॅप्टननंच एक पाऊल उजवीकडे टाकलं आणि पाठ त्यांच्या खाली आणली. दुसऱ्या पिंपाशीही तेच. तिसऱ्याला वळसा घालताना अंकलनी डावा हात खोगिराच्या मुठीवरून उचलला आणि पुढे धरला. मोठं चाक फिरवावं तसा तो हात वळला, आणि कॅप्टन त्या हाताबरोबर वळला.

मग सरळ रस्ता लागला. कठड्याशी अंकलच्या बायको पाण्याची बाटली छातीशी धरून उभ्या होत्या. आम्ही दोघं अजून मानेपाशीच, अगदी गर्दी करून.

लिम अंकलनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिरीषकडे. घसा साफ केला. आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले,

"मूव्ह टू द रिअर, प्लीज."

आम्ही मागे सरकलो.