कानबाईचे रोट आणि माझा डबा

आधी मी मोलगीच्या घाटात जीप चालवायचो. बाजाराच्या दिवशी आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर माणसं आणि त्यांच्या कोंबड्या. उशीर झाला की सगळे मिळून मला शिव्या घालायचे, आणि वेळेवर पोहोचलो तर कुणी ढुंकूनही बघायचं नाही. आता मी शहाद्यात एका संस्थेची पांढरी व्हॅन चालवतो. गावोगाव एकटी राहिलेली म्हातारी माणसं आहेत, त्यांना दुपारचं गरम जेवण पोहोचवायचं, एवढंच काम. पण माझा हॉर्न ऐकून माणसं हसत ओट्यावर येतात, हे सुख मला जीपवर कधी मिळालं नाही. ज्यानं कुणी मला या कामाला लावलं त्याचं भलं होवो, असं मी रोज गाडी सुरू करताना म्हणतो. बायको म्हणते, देवाचं नाव घेतोस की मालकाचं? मी म्हणतो, दोघांचं घेतो, तुझं काय जातं!

आमच्या कामाची एक पद्धत आहे. डबा दारात ठेवून पळायचं नाही. हातात द्यायचा, आणि समोरचं माणूस डबा उघडून पहिला घास घेईपर्यंत थांबायचं. का, तर काही म्हातारी माणसं डबा तसाच झाकून ठेवतात, संध्याकाळी कुत्र्याला घालतात, आणि कुणी विचारलं की पोटभर जेवले म्हणून सांगतात. सुरुवातीला मला या थांबण्याचा फार कंटाळा यायचा. मग हळूहळू त्या पाच-दहा मिनिटांत इतक्या गप्पा व्हायला लागल्या की आता मलाच निघवत नाही.

पुरुषोत्तमनगर करून मी ब्राह्मणपुरीला जातो. तिथे एक माय आहे. घर चांगलं पाटलांचं, ओटा मोठा, बागायती शेती बटाईनं दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगा सुरतेला, एक वापीला. दोघांचे संसार मोठे, नातवंडं मोठी, एका नातवाला तर आता मुलगा झालाय. घरात मात्र ही एकटी. तोंडाची इतकी तिखट की विचारू नका. वरणात मीठ कमी पडलं की मलाच झापणार, जसं काही मीच फोडणी दिली! मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. आमचं रोजचं भांडण ऐकायला समोरच्या ओट्यावरच्या बायका काम सोडून बसतात. घरी मी पावरी, आमची डोंगरातली आदिवासी बोली, बोलतो, संस्थेत साहेबासमोर मराठी, आणि गाडीवर अहिराणी. भांडायला अहिराणीसारखी भाषा नाही, हे मला मायनंच शिकवलं.

तर श्रावणातली गोष्ट. आमच्या डोंगरात कानबाई देवी नसते, पण खाली तापीकाठच्या गावांत तिचा केवढा थाट! नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर ती बसते. सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून माणसं गावाला येतात. आणि तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ घ्यायची, आणि ते दळून त्याचे जाड रोट करायचे. खायचे फक्त घरच्यांनी. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. आणि पौर्णिमेचा चांद उगवायच्या आत सगळं पीठ संपलं पाहिजे. निदान मायच्या घरची रीत अशी. मोजणारी बाई, दळून आणणारी बाई, भाजणारी बाई, आणि मूठ मात्र पुरुषांचीच. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "तू गाडी चालाव."

मायनं सगळ्यांच्या मुठी मोजल्या. दोन मुलगे, सगळे नातू, तो नवीन पणतूसुद्धा. आणि आलं कुणीच नाही. मोठ्याच्या घरी सुनेचं ऑपरेशन निघालं, धाकट्याला कंपनीनं सोडलं नाही. भाऊबंद समोरच्याच गल्लीत राहतात, पण बांधावरून वाजलं तेव्हापासून त्यांची कानबाई वेगळी, रोट वेगळे. रविवारी मायनं एकटीनं देवी बसवली, सोमवारी गावाबरोबर नदीवर जाऊन शिरवून, म्हणजे विसर्जन करून आली. मंगळवारी मी डबा घेऊन गेलो तर पितळी डब्यात पीठ काठोकाठ, आणि समोर ही एकटी बसलेली.

"भाऊ, आज डबा नको रे. घरमा रोट शेतस."

"शेतस ते शेतस. वरन-भात खावाले काय व्हस?"

"नही रे दादा. रोटनं पीठ सरी, मंगच दुसरं धान."

मी म्हटलं, ठीक आहे, देवाधर्माचं आहे, एक-दोन दिवस जाऊ दे. डबा परत घेऊन गेलो. पण बुधवारी तेच, गुरुवारी तेच. दात नाहीत, भूक चिमणीएवढी. पाव रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खाल्ली की हिचं पोट भरायचं. पीठ काही हलेना. ना डाळ, ना भात, ना दूध. चेहरा उतरत चाललेला. शुक्रवारी गेलो तर ओट्याच्या कडेला धरून ओकत होती. सकाळपासून जबरदस्तीनं एकामागून एक घास कोंबत होती बाई!

मी तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि मग माझा पाराच चढला. म्हटलं, जीव द्यायचाय का? कुणी सांगितलं होतं एवढं मोजायला? येणार नव्हते तर त्यांची मूठ कशाला घेतली?

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी भलतंच काही बोललोय.

"त्यानं नाव कसं सोडू? तो जित्ता शे ना!"

मग मला कळलं. मूठ घेतली नाही म्हणजे त्या माणसाला जिवंतपणी घरातून वजा केलं. आणि मोजलेली मूठ मागे घेता येत नाही, उरवताही येत नाही. धाकट्या मुलाचं गेल्या साली हृदयाचं दुखणं झालं होतं, नळी टाकली होती. माझं पीठ उरलं आणि त्याला काही झालं तर, ही भीती तिच्या पोटात त्या रोटाहून जड बसलेली. मी देवीला मानतो की नाही हा प्रश्नच नव्हता. ती मानत होती, आणि त्यापायी मरायला निघाली होती.

मी तिथेच धाकट्याला फोन लावला. तो काही वाईट माणूस नाही. मायच्या डब्यासाठी त्यानंच संस्थेला सांगितलं होतं. पण गोंगाटात उभा होता, घाईत होता. म्हणाला, "दादा, मायले सांग, नदीमा सोडी दे. आम्हले सुट्टी नही." फोन स्पीकरवर होता. मायनं ऐकलं. पदरानं तोंड पुसत राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मी न विचार करताच म्हणालो, "आन इकडे. मी खातो. डोंगरातला माणूस आहे, दोन दिवसांत डबा चाटून पुसून देतो."

तशी ती ताडकन म्हणाली, "तू कोन रे खानारा?"

लागलं मला. खोटं कशाला बोलू, फार लागलं. माझा बाप खालच्या एका गावात सालदार होता. वर्षभर ज्यांच्या शेतात राबला त्यांच्याकडे तो गोठ्यात जेवायचा, ताटली वेगळी, आणि ती ताटली त्यानंच धुऊन पाळीवर उपडी घालायची. मी लहानपणी ते पाहिलंय. त्या एका वाक्यानं ती ताटली माझ्या डोळ्यासमोर आली. मी उठलो, चप्पल घातली, आणि गाडीत बसलो. वाटेत स्वतःशीच बडबडत होतो, मर म्हणावं तुझ्या रोटांसकट, माझं काय जातंय! मला माझे देव आहेत, माझं कूळ आहे, तुझ्या कुळात शिरायची मला काय हौस आलीय?

संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या ताईंना सांगितलं, उद्या ब्राह्मणपुरीचा डबा भरू नका. दुसऱ्या दिवशी बघतो तर डबा भरून इतर डब्यांत ठेवलेला. "घेत नाही तर नाही, पण तू जा," म्हणाल्या. ताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्या दिवशी त्यांनी डबा भरला नसता तर मी गेलो नसतो, हे अगदी नक्की.

सगळी गावं करून ब्राह्मणपुरीला सर्वांत शेवटी गेलो. मुद्दामच. हॉर्न वाजवला नाही. माय दारातच उभी होती, वाट बघत.

"इतला उशीर? बठ. हात-पाय धुई ले."

आत दोन पाट मांडलेले. दोन ताटं, दोन्ही सारखी, पितळेची. एका कोपऱ्यात जातं उघडं पडलेलं, त्याच्याभोवती पिठाची पांढरी रांगोळी. मी उंबऱ्यावरच थांबलो. म्हटलं, हे काय?

"तुन्ही मूठ मोजी. सव्वा मूठ. सकायमा जात्यावर दळी."

मला आधी कळेच ना. पितळी डब्यात डोकावलो, तर काल होतं त्याहून पीठ वाढलेलं!

"माय, इतलं पीठ पडेल शे आनि तू आखो भर घाली?"

"मंग? मूठ नही मोजी ते तू खाशी कसा?"

मी उभाच. हसावं की रडावं ते समजेना. जी बाई पीठ संपत नाही म्हणून मरायला टेकली होती, तिनं मला जेवू घालायचं म्हणून ते आणखी वाढवलं होतं. हात थरथरतात तिचे, साधा डबा उघडायला मी मदत करतो, आणि हिनं जातं ओढलं होतं.

"आनि कानबाई?" मी विचारलं. "तिले चाली का?"

"तिले इचारं मी. ती नही बोलनी नही," माय म्हणाली. "मंग मी मोजी. आते बठ, थंडं व्हई ऱ्हायनं."

बसलो. रोट जाड होता, गोडसर, गंगाफळाच्या भाजीत मेथीदाणे पडलेले. पहिल्याच घासाला डोळे भरून आले आणि नाकही वाहायला लागलं. माय म्हणाली, भाजी तिखट झाली का? मी म्हटलं, हो, फार तिखट केलीस, तुझ्या तोंडासारखी. समोरच्या बायका ओट्यावरून माना उंचावून बघत होत्या. कोण जेवतंय, कुठला आहे, सगळ्यांना ठाऊक होतं. मायनं उठून दार लावलं नाही. उलट दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या.

त्यानंतर पौर्णिमेपर्यंत मी सकाळपासून काही न खाता घरातून निघायचो. बायको म्हणायची, डबे वाटणाऱ्यालाच डबा मिळायला लागला, नशीब बघा! ताई मला बघून हसायच्या. मी खाल्लं, मन लावून खाल्लं, पँटचं बटण सोडून खाल्लं. जेवायला सोबत मिळाली तशी मायही अर्धा रोट खाऊ लागली, आणि खाता खाता मला झापूही लागली. पौर्णिमेच्या दुपारी तिनं पितळी डबा पालथा घालून तळाशी थाप मारली. शेवटचा रोट भाजला, मोडून अर्धा मला दिला.

आम्ही जेवत होतो तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. मायचा हात खरकटा, म्हणून मीच डाव्या हातानं स्पीकर लावून तिच्यापुढे धरला. त्याचा आवाज पडलेला होता. त्या दिवशी घाईत बोललो, माय, मनाला लागून राहिलं, असं काहीसं म्हणत होता. मग विचारलं, पिठाचं काय केलं, सोडलं का नदीत?

माय घास चावत होती. सावकाश चावून झाला, मग बोलली.

"नदीमा काबर? खाई टाकं. घरना मानूस व्हता ना."