रिठ्याचा वास

आज वाणसामानाच्या यादीत शेवटी रिठे होते. पुडी उघडताच वास आला आणि मुरबाडच्या कंपनीतला तो दिवस आठवून पुन्हा चीड आली. आमच्याकडे रबराचे वॉशर बनत आणि ताजे वॉशर एकमेकांना चिकटत. प्रयोगशाळेने कित्येक महिने खटपट करून उपाय शोधला, माल रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा. लवकरच शेजारची कंपनीही तेच करू लागली. मॅनेजरने आमच्या खात्यातल्या टोकावड्याच्या बाईला धरलं, कारण तिची नणंद तिथे कामाला होती. "गुपित तूच फोडलंस," तो म्हणाला. "साहेब, नणंदेनं इचारलं, वयनी, हातांना रिठ्याचा वास कसला? आता हात काय गेटावर ठेवून घरी जाऊ?" आम्ही हसलो, तो हसला नाही. "आन् साच्याला बारीक भोक पाडलं की वॉशरात बुडबुडा धरत नाय, हे त्या नणंदेनंच मला सांगितलेलं, आन् मी तुमाला. तवा तुमी पेढे वाटलेत. गुपित कुणाचं, ते नाय इचारलं." मीही म्हणाले, पेढा मी खाल्लाय, हिचं खरं आहे. त्याने तिला त्याच दुपारी काढून टाकलं. साच्यांची भोकं मात्र बुजवली नाहीत. माल आजही त्याच साच्यांतून निघतो.