तलासरीचं नेटवर्क आणि माझा हातगुण

डहाणूतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचो. हे काम म्हणजे नेमकं काय, ते घरी समजावणं मला कधीच जमलं नाही. आमची चिकूची वाडी. वडिलांना झाड दिसतं, फळ दिसतं, फळावरची कीड दिसते. माझ्या कामात दाखवण्यासारखं काहीच नाही. "चालू असतं तेव्हा तू काय करतोस?" ते विचारायचे. चालू ठेवतो, मी म्हणायचो. "आणि बंद पडलं की?" चालू करतो. मग ते आईकडे वळून म्हणायचे, "म्हणजे बसूनच असतो."

बसूनच कसला! समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडायच्या. स्विचच्या पोटात मुंग्या अंडी घालायच्या. थंडीत पाल राउटरच्या उबेला येऊन झोपायची आणि मी झाकण काढलं की माझ्याच अंगावर उडी मारायची. रिसेप्शनवरच्या मंडळींना शोध लागला होता की यूपीएसवर ठेवलेला डबा जेवणापर्यंत कोमट राहतो. एकदा डब्यातली डाळ आत सांडली. त्या दिवशी दिवसभर आमच्या सर्व्हर रूमला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मी तोंड सोडलं, तर रिसेप्शनवाली म्हणते कशी, "सर, एवढं ओरडताय, जेवला नाहीत का अजून?"

लॅबची मोठी यंत्रं डहाणूत होती आणि तलासरीला एक लहान केंद्र होतं. तिथे फक्त रक्त घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं डहाणूला पाठवायचं. वेवजी गावापासून आतल्या पाड्यांपर्यंतची माणसं तिथे यायची. केंद्र एकट्या ताई सांभाळायच्या. दार उघडणं, झाडणं, पेशंटची नोंद, सुई, सगळं त्याच. त्यांचा हात इतका हलका की लहान पोरं सुई टोचून झाल्यावर रडायची, टोचताना नाही. त्यांचं घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत, पोरांची शाळाही तिथेच. नवरा वापीला कंपनीत कामाला, पहाटेच जायचा.

नोंद केली की डहाणूच्या सर्व्हरवरून पेशंटचा नंबर यायचा आणि त्याची चिकटपट्टी छापून रक्ताच्या नळीला लागायची. नंबर नाही तर रक्त घ्यायचं नाही, असा आमच्या डॉक्टरसाहेबांचा दंडक. हातानं नावं लिहायला त्यांची सक्त मनाई, आणि ते बरोबरच होतं. एका घरातल्या चार बायकांचं आडनाव एक आणि नाव दोघींचं तेच, मग कुणाची साखर कुणाच्या माथी बसेल, देव जाणे. हा नंबर यायचा तो केंद्राच्या गच्चीवरच्या डिशमधून. समोर पूर्वेला टेकडी, टेकडीवर टॉवर, आणि टॉवरकडे तोंड करून गच्चीच्या कठड्याशी लोखंडी पाइपवर आमची डिश. तिनं कित्येक महिने काही कुरकुर केली नव्हती. भर पावसातही नाही.

दोन हजार अठराची दिवाळी सरली आणि तिकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणूलाही खिडक्या थरथरायच्या, पण तलासरीकडे जमीन खालून गुरगुरायची. भिंतींना चिरा गेल्या. माणसं रात्री घरात झोपेनाशी झाली. गल्लीगल्लीतून ताडपत्र्या टाकून, तंबू उभारून लोक मोकळ्यावर निजायला लागले. शाळा झाडाखाली भरायला लागली. आणि त्याच सुमारास रोज सकाळी तलासरीचं नेटवर्क जायला लागलं.

सकाळ म्हणजे आमची खरी वेळ. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला यायचे. नंबर येईना, म्हणून बाकावर बसून राहायचे. मग कुणीतरी वैतागून समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, चहासोबत भजी घ्यायचा, आणि नेटवर्क आलं की तोंड पुसत परत यायचा. "काय खाल्लंत का?" ताई विचारायच्या. "कुठं काय! चार भजी." मग उद्या या. उद्या परत तेच. उपाशी माणसाशी वाद घालायची हिंमत माझ्यात तरी नाही. ताई बिचाऱ्या रोज घालायच्या.

"सर, गेलं," असा त्यांचा फोन आला की मी म्हणायचो, "मशीन बंद करून परत चालू करा." "केलं, सर." "राउटर?" "तोही केला." मग मी कपाळाला हात लावून बॅग उचलायचो आणि एसटीनं तलासरी गाठायचो. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं. गच्चीवर जाऊन डिश हलवून बघायचो, नट आवळायचो, आणि खाली येईपर्यंत ताईंचा आवाज, "आलं, सर, आलं!" बाकावरच्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. एक म्हातारी तर म्हणाली, "पोराच्या हाताला गुण हाय." मी मान डोलवून चहा प्यायचो. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची. मनात मी निदानही करून टाकलं होतं की धक्क्यांनी डिशचं तोंड फिरतं आणि मी ते सरळ करतो. जमीन हलते म्हटल्यावर डिश हलणार नाही तर काय! डॉक्टरांना तेच सांगितलं, ताईंनाही तेच, आणि सगळ्यांना ते पटलं.

पण रोज रोज पटेना. डॉक्टरसाहेब गुजराती, मनानं मऊ, पण तोंडानं फटकळ. एका शुक्रवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अरे भाई, आ शुं रोज रोज? पेशंट वापीला जायला लागले. सोमवारी मी स्वतः सकाळी तलासरीला येतो. माझ्यासमोर बंद पडलं तर केंद्र बंद. ताईला सांग, नोकरी जाणार नाही, इथे डहाणूला बसव तिला."

मी फोनवर ताईंना सांगितलं. मला वाटलं, नोकरी राहते म्हटल्यावर त्यांना तेवढंच बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "सर, मी डहाणूला बसले आणि इकडं हललं तर? पोरं शाळेत असतात. मी नाही येणार. नोकरी सोडेन." आवाज अगदी साधा होता, रडणंबिडणं काही नाही. माझं काय, मी फोन ठेवून जेवायला जाणार. नोकरी की पोरं, हा हिशोब त्यांना करायचा होता आणि तो माझ्या एका डिशवर अडला होता.

शनिवारी मी एसटीची वाट पाहिली नाही. दिवस उगवायच्या आत मोटारसायकल काढली, कानाला मफलर, आणि दव असं पडत होतं की हेल्मेटची काच दर वळणावर पुसावी लागत होती. पोचलो तेव्हा गल्ली नुकती जागी होत होती. तंबूंतून पोरं डोळे चोळत बाहेर येत होती. चुली पेटत होत्या. दवानं ताडपत्र्या निथळत होत्या आणि आतली अंथरुणं पिळून काढावीत इतकी ओली. बायका गोधड्या गोळा करून खांद्यावर टाकत होत्या आणि एकीमागून एक कुठेतरी निघाल्या होत्या. कुठे, म्हणून मी बघितलं. आमच्याच जिन्यावर!

मी धावत वर गेलो. आमच्या गच्चीवर नुसती जत्रा. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोर, आणि दोरांवर गल्लीतल्या यच्चयावत घरांच्या गोधड्या, चादरी, कांबळी. एका दोराचं टोक आमच्या डिशच्या पाइपला बांधलेलं, कारण गच्चीवर उभं असं तेवढंच होतं. आणि डिशच्या अगदी तोंडासमोर, टॉवर आणि ती यांच्या मध्ये, जाडजूड, लाल काठाची, टपटप पाणी गाळणारी एक गोधडी. गोधडी झटकत उभ्या होत्या ताई.

"सर? इतक्या लवकर?"

आधी राग आला, मग हसू आलं, ते इतकं की मी कठड्याला टेकून खालीच बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ओल्या कपड्यातून टॉवरची लहर पलीकडे जात नाही. गोधड्या दवानं ओल्या, म्हणून नेटवर्क बंद. अकराच्या सुमारास ऊन तापलं की गोधड्या वाळल्या, बायका घड्या करून घेऊन गेल्या, नेटवर्क चालू. आणि नेमका तेव्हा मी, हातगुणवाला वैद्य, जिन्यावरून वर! गच्चीवर दोर रोज दिसायचे मला. पण गच्चीवर दोर नसतील तर काय असणार?

ताईंना समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे, सर, मीच?" गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. शेजारणींनी विचारलं, वाळत घालू का, तर त्यांनी हो म्हटलं होतं. त्या ओल्याच गोधड्या ओढून काढायला लागल्या. "ए, उचला गं सगळ्या! चला, चला!"

"थांबा हो," मी ओरडलो. "काढून घालणार कुठे?"

पलीकडच्या बाजूला दुपारपर्यंत शेजारच्या इमारतीची सावली. ऊन येतं ते पूर्वेकडून, टेकडीवरून, जिथून आमचं नेटवर्क येतं त्याच वाटेनं. आणि थंडीत पोरं ओल्या गोधडीत निजवायची का? माझ्या डिशचं काय, तिला थंडी वाजत नाही. मी ताईंना म्हटलं, गोधड्या आहेत तिथे राहू द्या, डिशच वर नेतो.

बाजार उघडल्याबरोबर फॅब्रिकेशनवाल्याकडून लांबलचक पाइप आणला. तो जिन्याच्या वळणात अडकला. मग खालून गल्लीतल्या बायकांनी दोरानं ओढून गच्चीवर घेतला, तोही गोधड्यांच्याच दोरानं. प्रत्येकीचा सल्ला वेगळा. "डावीकडं, डावीकडं!" "अगं, त्याची डावी की तुझी?" दुपारपर्यंत डिश गोधड्यांच्या डोक्यावरून, घरांच्या कौलांवरून थेट टेकडीकडे बघायला लागली. रविवारी सकाळी मी परत गेलो. गोधड्या ओल्या, नेटवर्क चालू. बाकावरची ती म्हातारी म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं, पोराच्या हाताला गुण हाय." यावेळी मी मान डोलवली नाही, पण चहा घेतला.

सोमवारी डॉक्टरसाहेब गाडी घेऊन हजर. खुर्ची दारात ओढून बसले, मोबाइलमध्ये घड्याळ लावून. नोंद होत होती, पट्ट्या निघत होत्या, ताई एकामागून एक नळ्या भरत होत्या. "काय बिघडलं होतं?" त्यांनी मला विचारलं. "उंची कमी पडत होती," मी म्हटलं. ते हं म्हणाले. तेवढ्यात वरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी मान वर केली, कठड्यावरून लोंबणारी गोधडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

आणि जमीन गुरगुरली.

आधी बाकाचे पाय वाजले, मग ट्रेमधल्या नळ्या किणकिणल्या. डॉक्टरसाहेब सगळ्यांच्या आधी रस्त्यावर, त्यांच्या मागे मी, आमच्या मागे पेशंट. आत राहिल्या ताई आणि एक म्हातारे बाबा, ज्यांच्या दंडाला पट्टा आणि नसेत सुई होती. ताईंनी पट्टा सोडला. सुई काढली, कापूस दाबला, बाबांचा हात कोपरात मिटला, त्यांना दंडाला धरून दाराबाहेर आणलं आणि माझ्या हवाली केलं. मगच त्या धावल्या. पदर खोचायलाही थांबल्या नाहीत. गल्लीतून मागच्या झाडाकडे, जिथे शाळा भरली होती.

धक्का केव्हाच थांबला होता. आम्ही रस्त्यात उभे होतो. थोड्याच वेळात ताई परत आल्या. धाकटा कडेवर, थोरली हाताला धरून, तिघांचेही चेहरे लाल. पोरांना त्यांनी बाकावर बसवलं आणि सरळ बाबांकडे आल्या. बाबांचा हात अजून कोपरात मिटलेलाच होता. ताईंनी तो उघडून बघितला, रक्त थांबलं होतं.

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "डहाणूहून हिला किती वेळ लागला असता?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगून टाकलं, "केंद्र इथेच राहू दे."

"बाबा, नळी भरली नाही हो, परत घ्यावं लागेल," ताई सांगत होत्या. "काही खाल्लं तर नाही ना?"

"कुठं काय," बाबा म्हणाले. "उपाशीच हाय."

"मग दुसरा हात द्या."