समुद्राकडचा बिल्ला

त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बंदरावरच्या कयाक शेडचा कारभार अंगावर घेतला आणि गळ्यातली शिट्टी तेवढी कायम राहिली. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी. ती वल्हवत खोल पाण्यात जायचं, गळाला सुरमई नाहीतर कुपा लावायचा, आणि लेकराएवढा मासा मांडीवर घेऊन परत यायचं. पोटासाठी नव्हे हो, निव्वळ हौस! घरी बायका डोकं आपटतात आणि हे रविवारी पहाटे उठून पसार.

अशा लोकांच्या मानेवर मास्तर बसले होते. "जॅकेट घातलंस? पट्टा आवळ. अजून आवळ. सासुरवाडीला नाही चाललास! वल्ह्याची दोरी कुठाय? उलटलास आणि वल्हं सुटलं, तर हातानं पाणी मारत येणार का?" लोक तोंडावर हो हो म्हणत आणि पाठ फिरली की हसत. मास्तरांना ते ठाऊक होतं. हसा लेको, पण पट्टा आवळा, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेडच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. डावीकडे लिहिलेलं 'जमीन', उजवीकडे 'समुद्र'. प्रत्येकाचा नंबराचा पितळी बिल्ला. जाताना तो उजवीकडे लावायचा, आल्यावर डावीकडे. दुपारी एक वाजता बचावबोटीवरचा माणूस खिडकीतून फळीकडे बघायचा. उजवीकडे एक जरी बिल्ला दिसला की बोट निघायची. सगळे डावीकडे, तर तो डबा उघडून जेवायला बसायचा. म्हणून मास्तरांचा पहिला नियम, आपला बिल्ला आपल्याच हातानं फिरवायचा. "दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावलात तर तंगडं मोडीन," असं ते दर रविवारी बजावत.

आणि तो हात कोणी लावला? मास्तरांनीच.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी दुपारपासून जमिनीकडून वारा सुटणार होता. असा वारा फार लबाड. किनाऱ्याजवळ पाणी कसं गुळगुळीत दिसतं, आणि जरा बाहेर गेलं की तो माणसाला ढकलत नेतो, परत येऊ देत नाही. मास्तरांनी सगळ्यांना अकराच्या आत बोलावलं. सगळे आले. राहिला एकटा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. गडी उमदा होता, जरा हूड, पण मास्तरांचा शब्द खाली पडू देत नसे. साडेअकराला तो धक्क्याच्या टोकाशी दिसला. वल्हं उंच करून त्यानं खूण केली. आलोच.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, पानं मांडलीत. दोघं या बघू लवकर. गार झालं की मला बोलायचं नाही." मास्तर हसले. समोर तर दिसतोय, पाचशे हात लांब, आता काय उरलं? त्यांनी मेहुण्याचा बिल्ला उजवीकडून काढून डावीकडे लावला, शेडला कुलूप घातलं, आणि त्याच्यासाठी किल्ली पत्र्यामागे ठेवून निघाले. शेडमधला वायरलेस सेट बंद दाराआड फळकुटावर राहिला.

धक्क्याच्या टोकाशी त्याच वेळी पक्षी पाण्यावर तुटून पडले असणार. पक्षी म्हणजे खाली कुपे. कुठला गळवाला अशा वेळी हात आवरेल? एक मोठा लागला आणि त्यानं कयाक ओढत बाहेर नेली. मासा सुटला की दोरा कापला, कोण जाणे. तोवर वारा सुटला होता.

इकडे मास्तर जेवले. "हा कुठं राहिला?" बहिणीनं दोनदा विचारलं. "मासा साफ करत बसला असेल," मास्तर म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तीन वाजले तरी तो आला नाही तेव्हा मास्तर उठले. धावत शेडवर गेले. किल्ली पत्र्यामागे तशीच होती, आणि कयाकची जागा रिकामी.

बचावबोटीवाला चक्रावला. "अहो मास्तर, एक वाजता मी फळी बघितली. सगळे जमिनीवर होते!"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काढला बिल्ला. पण बाकीचे गळवाले भोवती जमले होते, तेच, ज्यांची तंगडी मोडायची धमकी मास्तर दर रविवारी देत. मास्तर म्हणाले, "परत गेला असेल."

परत गेला असेल! तीन शब्द. बोटीवाल्यानं त्यावर विश्वास ठेवला, का नाही ठेवणार? किनाऱ्याला येऊन दीड-दोनला पुन्हा पाण्यात गेला असं धरून त्यानं वाऱ्याचा हिशेब मांडला आणि तेवढ्याच पाण्यात अंधार पडेपर्यंत शोधलं. अडीच तासांचा वारा हिशेबात आलाच नाही. मेहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, कितीतरी पुढे, उलट्या कयाकला स्वतःला बांधून घेतलेला. जॅकेटचा पट्टा घट्ट आवळलेला. छातीवरचा सेट शेडच्या नंबरावर लावलेला. गार पाण्यानं मारलं, डॉक्टर म्हणाले. रात्र पडेस्तोवर तरी जिवंत असावा.

लोकांनी मास्तरांचं सांत्वन केलं. "तुम्ही सांगून सांगून थकलात, त्यानं ऐकलं नाही." बचाववाल्यांनी सापडल्या जागी नकाशावर लाल टाचणी टोचली. बहीण रोज सकाळी नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून भांडायची. "बिल्ला काढलास ना? मग परत कशाला मेलास तिकडे? पोरीचा तरी विचार करायचास!" मास्तर ते ऐकायचे आणि चहा प्यायचे. कसा गिळत असतील, देव जाणे.

यंदा भाची एकोणीस वर्षांची झाली आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "मामा, मला शिकव. बाबा बेपर्वाईनं गेले, मी तशी जाणार नाही." मास्तरांनी नाही म्हणून बघितलं. पोर हट्टी, बापावर गेलेली. मग शिकवलं, आणि कुणाला शिकवलं नसेल एवढं जीव तोडून. उलटलेल्या कयाकवर परत कसं चढायचं, ढग कसे वाचायचे, आणि हरवलेला माणूस वाऱ्यानं कुठवर गेला असेल त्याचं गणित. तासाला किती, उलटी कयाक किती सावकाश, वाहतं पाणी कुठल्या बाजूचं. पोरीचं डोकं तल्लख.

परवा दुपारी बाराच्या सुमारास ती रोजच्या वाऱ्याच्या नोंदींची जुनी वही उघडून बसली होती. मास्तरांच्याच अक्षरातली वही. शेजारी तोच नकाशा. मास्तर दारात वल्ह्याला पॉलिश करत होते.

"मामा, मी लाल टाचणीपासून मागं मोजत आले. तीनदा मोजलं. बाबा दोनला निघाले असतील तर तिथवर पोचतच नाहीत. प्रत्येक वेळी साडेअकरा-बाराच येतात." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे ते किनाऱ्याला आलेच नव्हते. मग बिल्ला कुणी काढला?"

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. सहा वर्षं ज्या वाक्याला जीभ उचलली नव्हती, ते आता आपोआप बाहेर आलं. "मी."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नकाशाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. "आई सहा वर्षं त्यांना शिव्या देतेय, मामा. मीसुद्धा दिल्या. आणि तू आमच्याकडं बसून चहा पीत होतास?"

"पोरी..."

"मला पोरी म्हणू नकोस. चल. आत्ता, तिच्यासमोर सांग."

मास्तर उठले. सवयीनं फळीकडे नजर गेली. समुद्राच्या बाजूला अजून दोन बिल्ले होते. धक्क्यापाशी दोन कयाकी स्पष्ट दिसत होत्या. एकानं वल्हं उंच करून खूण केली. आलोच.

"ते आल्याशिवाय मला निघता येत नाही," मास्तर म्हणाले.

भाचीनं त्या दोन कयाकींकडे पाहिलं, मग मामाकडे. स्टूल ओढून ती दारातच बसली.

"हे त्या दिवशी सुचलं असतं तर?" ती म्हणाली.