एक प्रश्न, एक उत्तर

स्टाफरूमच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिका साचतात ना, तसे किस्से साचतात. उत्तरपत्रिका निदान रद्दीवाला तरी नेतो! मी शिरूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि हे सगळे आमच्याच विभागातले.

आमचे विभागप्रमुख वरवंडचे. घरी कांदा, कॉलेजात शिस्त. मी रुजू झालो त्या दिवशीच त्यांनी सांगितलं, "एक प्रश्न, एक उत्तर. दुसरं सुचलं तर पाणी पिऊन या."

पहिल्या महिन्यात मी बरंच पाणी प्यायलो.

*

एकदा बेकारीची कारणं शिकवली. तीन विचारांच्या लोकांची तीन कारणं. अमोलनं विचारलं, "सर, ह्यातलं खरं कुठलं?" म्हटलं, "तुला पटंल ते. फक्त का पटलं ते लिही."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हजर. "सर, तुम्ही म्हणं उत्तरच सांगत न्हाई. आम्ही फी तर पुरी भरली!"

*

'विवेकी ग्राहक' म्हणजे फायदा-तोटा बघूनच खरेदी करणारा माणूस. म्हटलं, गावातलं एक उदाहरण द्या. पोरं वह्या चाळायला लागली. शेवटी निमोण्याची सारिका उठली.

"आमच्यात न्हाई सर. शेजारच्या न्हावऱ्यात इचारून बघा."

*

हीच सारिका पेपरात अडकली. प्रश्न पाच मार्कांचा: भाव वाढला की पुरवठ्याचं काय होतं? तिनं लिहिलं, "पुस्तकाप्रमाणे वाढतो. आमचे आबा मात्र भाव वाढला की कांदाचाळीला हात लावू देत नाहीत, अजून वाढेल म्हणून. तेव्हा घटतो. दोन्ही बरोबर आहे."

विभागप्रमुखांनी शून्य दिलं. शेरा: "एकच लिहा."

पोरगी दोन मार्कांनी नापास! आबांनी बजावलेलं, विषय राहिला तर कॉलेज बंद. मला लई वाईट वाटलं, कारण दोन बाजू लिहायला मीच शिकवलेलं. सरांकडं गेलो. म्हणाले, "पाणी प्या."

*

निकाल लावायच्या आठवड्यात कांद्याचा भाव चढायला लागला. सर दोन दिवस फोनवरच. तिसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "त्या पोरीचे आबा काय करत्यात? चाळीतून कांदा काढत्यात का ठेवत्यात?"

सारिकाला बोलावलं.

"आबा ठेवू म्हणत्यात, सर. आजी काढा म्हणती."

"मग खरं कुणाचं?"

"तुम्ही अर्धा काढा, अर्धा ठेवा."

सर उठले, पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्धा कांदा मार्केटला गेला. दुपारी त्यांनी सारिकाचा पेपर मागवला, शून्य खोडलं आणि अडीच लिहिले.