मागावरचं बिनआवाजाचं बोलणं

माझ्या सासूबाईंचं, मनकर्णाबाईंचं, साऱ्या आरमोरीत एकाच बाईशी पटत नाही. सुरय्याबाईंशी. सुरय्याबाई आणि माझे सासरे लटारूभाऊ, म्हणजे मामाजी, नागपूरच्या एका कापडगिरणीत एकाच खात्यात होते. मामाजी मागावर, त्या सुताच्या कांड्या भरायला. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथले कामगार ओठ आणि बोटं हलवून बोलत. गिरणी बंद पडली, दोन्ही घरं इकडे आली, पण या दोघांचं ते बोलणं सुटलं नाही. सुरय्याबाई अंगणात आल्या की बोटं हलतात, मामाजी हसतात आणि सासूबाई पोथीचं पान उगाच उलटतात. मी दिवा लावताना देवाला म्हणते, सासूबाईंचा जीव थोडा शांत कर.

यंदा दीपिका नावाची कॉलेजातली मुलगी गिरणीकामगारांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला आली. बाजेवर सुरय्याबाईंशेजारी बसून मामाजी संपाचं सांगू लागले.

"मालकाची माणसं खात्यात उभी होती. मी हातानं खूण केली, हिनं पुढं सांगितलं, अन् सारे माग बंद."

"सगळ्यात आधी याचाच माग थांबला," सुरय्याबाई म्हणाल्या.

सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. "मी नवी नवरी होती. संप झाला हे मले शेजारणीनं सांगितलं."

त्यांनी कप पुढे केले. सुरय्याबाईंनी एक घोट घेतला, बोटं हलवली. मामाजींचे ओठ हलले.

"आता काय बोलले?" दीपिकानं विचारलं.

"काई नाई," मामाजी म्हणाले.

"काई नाई कसं? आज सांगाच," सासूबाई म्हणाल्या.

सुरय्याबाई हसल्या. "भाभी, मी म्हटलं, चहात साखर नाई. हा म्हणे, गुपचूप पी, नाईतर मले रोज असाच भेटंन."

सासूबाई हसल्या नाहीत. "मले वाटे, गिरणीचं बोलता. तुमी तं माह्या घरात बसून माह्यंच बोलता. आता या घरात आवाजानं बोलाचं."

"तुले शिकवतो ना मी."

"मले नाई शिकाचं."

आता दोघं मोठ्यानं बोलतात. गुडघे, ऊन, सुरय्याबाईंच्या मुलाचं सायकलचं दुकान. तेवढ्यावर बोलणं संपतं आणि दोघं गप्प बसतात. मग सासूबाई स्वयंपाकघरात येतात.

"ज्योत्स्ना, पाह्य बरं. हे गप्प काऊन बसले?"

"बोलणं संपलं असेल, आई."

त्यांना ते पटत नाही. पदर सावरून त्या बाहेर जातात आणि बाजेवर दोघांच्या मधे बसतात.